गुडघ्यावरचं वरण

लग्नात लोक नवरी पाहतात, मंडप पाहतात, आहेर कोणी काय आणला ते पाहतात. आमचे तायडे सर पंगतीतून उठणाऱ्या पोरांचे गुडघे पाहतात. स्वतः जेवत नाहीत. पंगत बसली की पाण्याच्या ड्रमजवळ जागा धरायची, हात मागे बांधायचे आणि परीक्षेच्या खोलीत उभं राहावं तसं उभं राहायचं. वाढपी आग्रह करून करून थकतात. "गुर्जी, बसा ना बाप्पा. आलू-वांगं गरम हाय." सर म्हणतात, "पोट्ट्यायले उठू द्या, मंग बसतो." पोरं उठायला लागली की सर मान पुढे काढतात आणि एकेकाच्या पँटकडे टक लावून पाहतात. अनोळखी माणसाला हे पाहून काय वाटत असेल ते तुम्हीच ठरवा. मला पहिल्यांदा काय वाटलं होतं ते मी सांगणार नाही, कारण या माणसाबरोबर मी एकवीस वर्षं एकाच शाळेत नोकरी केली आहे.

शाळा वलगावची. सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी. दोघंही अमरावतीहून एसटीनं जायचो. मी मूळची अकोल्याची, त्यामुळे ऊन आणि आगाऊ माणसं या दोन्हींची सवय होती. तरी पहिल्याच दिवशी सरांनी मला गार केलं. मी सहज म्हटलं, "लग्न होऊन अमरावतीला आले." सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "ऐच्छिक का अनैच्छिक?"

हा त्यांचा ठेका होता. नववीच्या पुस्तकातला स्नायूंचा धडा त्यांच्या डोक्यात असा बसला होता की सगळ्या जगाचे त्यांनी दोनच भाग पाडले होते. आपल्या हुकुमानं हलतं ते ऐच्छिक, न विचारता हलतं ते अनैच्छिक. उशिरा आलेलं पोरगं म्हणायचं, "सर, झोप लागली." सर म्हणायचे, "झोप लागनं अनैच्छिक. पांघरून डोक्यावरून ओढनं ऐच्छिक. राह्य उभा." वर्गात कोणी फिदीफिदी हसलं तर, "हासू अनैच्छिक हाय बाबू, दात दाखवनं ऐच्छिक हाय." मुख्याध्यापकांनी निवडणुकीच्या कामाचं पत्र हातात दिलं की सर सही करता करता पुटपुटायचे, "अनैच्छिक." एकदा शिक्षणाधिकाऱ्यांचं भाषण चालू असताना मुख्याध्यापकांना मोठी जांभई आली, तेव्हा सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला हसू आवरेना. बोलणी मी खाल्ली, सर साळसूद.

तो धडा शिकवायचा दिवस म्हणजे शाळेतला सण. सर सकाळीच खाटकाकडे जायचे. खाटीक विचारायचा, "गुर्जी, खायाले पायजे का शिकवायाले?" सर म्हणायचे, "शिकवायाले." "मंग चांगलं देतो. खानारा मसाल्यात काई बी खाते, शिकनारा उलटंपालटं करून पाह्यते." मग स्टीलच्या तीन डब्यांत बकऱ्याच्या मांडीचा तुकडा, वजडी आणि दिल घेऊन सर एसटीत चढायचे आणि डबे माझ्या पर्सशेजारी ठेवायचे.

वर्गात तिन्ही डबे उघडायचे आणि त्यांची वाणी सुरू व्हायची. "हा पयला. मांडीचा. हाडाले बांधलेला. दुर्बिनीत पाह्यलं तं आडवे पट्टे दिसतात, एक काळसर, एक उजळ. मालकानं म्हटलं उठ, तं उठते. जोर लय, पन थकते. हा दुसरा, पोटाचा, आतड्याचा. याले पट्टे नाई. मधात जाड, दोन्ही टोकाले निमुळता. हळूहळू चालते, थकत नाई, मालकाले विचारत नाई. भाकर घशाखाली गेली का तुमचं काम संपलं, पुढचं थो पाह्यते. अन् हा तिसरा." इथे सर दिल तळहातावर घ्यायचे. "हृदयाचा. पट्टे पयल्यासारखे, सोभाव दुसऱ्यासारखा. याच्या पेशीले फांद्या असतात, अन् त्या एकमेकीचे हात धरून असतात. एकीले इशारा भेटला का सगळ्या संगच आवळतात. जलमाच्या आंदी सुरू होते अन् सुट्टी घेत नाई." शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता आणि त्याचा आरसा फुटका होता. पोरं डोळा लावून ओरडायची, "पट्टे दिसले सर!" सर म्हणायचे, "थे तुही पापनी हाय."

एका वर्षी सरांनी डब्यांबरोबर स्वतःचा मुलगाही आणला. सुमेध, वय सहा. सरांना तेवढा एकच. गोरटेला, गुबगुबीत, आणि पोटऱ्या अशा टणक आणि जाड की बघत राहावं. वहिनींनी दोन्ही पोटऱ्यांवर काजळाची तीट लावून पाठवलं होतं. अमरावतीत गल्लोगल्ली व्यायामशाळा. तिथले म्हातारे वस्ताद म्हणे पोराच्या पोटऱ्या चाचपून खूश झाले होते. सरांना तर आकाश ठेंगणं झालं होतं. त्यांनी सुमेधला उचलून थेट टेबलावर ठेवलं. "बकऱ्याचा पाह्यला, आता मानसाचा पाहा! हा पाहा ऐच्छिक स्नायू!"

आरडाओरडा ऐकून मी शेजारच्या वर्गातून दारात येऊन उभी राहिले. सुमेध टेबलावर मांडी घालून बसला होता. सर म्हणाले, "उठून दाखव." तो आधी पालथा वळला. दोन्ही तळवे टेबलावर टेकवले, बूड वर उचललं, मग एक हात नडगीवर, एक गुडघ्यावर, मग मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहिला. वर्ग हसला. मीही हसले. "अगं बाई, पोरगं आहे की आजोबा!" असं त्या हशात म्हणालेसुद्धा. मग त्याचं तोंड एवढंसं झालेलं दिसलं, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या वर्गानं वाजवल्या. सुमेधनं पैलवानासारखे दोन्ही हात वर केले.

सर हसत वर्गाला म्हणाले, "ताकद हाय, पन आळशी हाय. उद्यापासून पन्नास उठाबशा. आळस ऐच्छिक असते."

आणि त्यांनी त्या लावल्या. एक-दोन दिवस नाही, दोन वर्षं. सकाळी घरी, संध्याकाळी व्यायामशाळेत. पोरगं पडायचं. जिना चढताना कठडा धरायचं. रडायचं. सर म्हणायचे, नाटक करते. मारकुटे नव्हते, पण हटून बसायचे. आठव्या वर्षी सुमेध शाळेच्या पायरीवर पडला आणि दात तुटला, तेव्हा वहिनींनी जेवण सोडलं आणि त्याला नागपूरला न्यायला लावलं.

नागपूरहून आल्यावर सर चार दिवस रजेवर होते. पाचव्या दिवशी एसटीत माझ्या शेजारी बसले. नांदगावपेठ, बडनेरा, परतवाडा अशा पाट्या असलेल्या गाड्या स्टँडवरून सुटत होत्या आणि सर त्या वाचत असल्यासारखे बाहेर पाहत होते. मग म्हणाले, "डाक्टरनं काई मशीन नाई लावली मॅडम. रक्त मंग घेतलं. आंदी फक्त फरशीवर बसवलं अन् म्हटलं, उठ बेटा. पोट्टं उठलं, अन् डाक्टरले समजलं. थे उठनं मी दोन वर्षं रोज पाहून राह्यलो होतो."

स्नायू झिजण्याचा आजार. पोटऱ्या जाड दिसत होत्या, त्यात स्नायू फारसा उरलाच नव्हता. तो झिजून त्या जागी चरबी भरली होती. ज्याला वस्तादांनी ताकद म्हटलं, वहिनींनी तीट लावली आणि सरांनी टेबलावर चढवलं, तो आजार होता. असल्या स्नायूला दमवलं तर तो आणखी तुटतो. म्हणजे उठाबशांनी काय झालं ते सरांना कोणी सांगायची गरज नव्हती. वर्षानुवर्षं तेच शिकवत होते.

त्या दिवसापासून सरांनी 'ऐच्छिक' हा शब्द वर्गाबाहेर उच्चारला नाही. ठेका संपला. मला तो एवढा छळायचा, पण संपल्यावर एसटीतला तो पाऊण तास जाता जाईना.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाला येतो. त्यात तिचा काही दोष नसतो, पण येतो तिकडून. सुमेधला भेटायला सरांची मोठी बहीण आली, तेव्हा मी तिथेच चहा घेत होते. तिनं वहिनींकडे पाहत विचारलं, "कोनाच्या खानदानात होतं हे?" वहिनींनी हातातली बशी खाली ठेवली. सर म्हणाले, "आपल्या. हे बापाकडूनच येते. विज्ञान हाय." गुरुजी भाऊ सांगतो म्हटल्यावर कोण बोलणार? सरांनी जन्मभरात चुकीचं विज्ञान एवढं एकदाच शिकवलं असेल.

आणि मग पंगती सुरू झाल्या. आमंत्रण असो नसो, सर लग्नात, वाढदिवसात, रोडग्यांच्या गावजेवणात जाऊन उभे राहायला लागले. मी एकदा चिडून विचारलं, "सर, लोक काय म्हणतात माहीत आहे का?"

"म्हनू द्या. मॅडम, जेवलेला हात कोनी गुडघ्यावर टेकवत नाई. उष्टा हात वर धरूनच पोट्टं उठते. ज्यानं टेकवला, त्याले टेकवल्याबिगर उठताच येत नाई."

"अहो, पण पोरं हात पुसतात की पँटला! माझी दोन्ही पुसायची."

"पुसलेलं वरन फरफटते," सर म्हणाले. "टेकवल्याचा पंजा उमटते. पाच बोटं मोजता येतात."

सर गुन्हे शाखेत गेले असते तर नाव काढलं असतं. पण पुढे लग्नात बफे आला आणि सरांची पंचाईत झाली. खुर्चीवरून कोणीही उठतं आणि उभ्यानं जेवणाऱ्याला तर उठायचंच नसतं. "या बफेनं लय नुकसान केलं," असं ते इतक्या कळवळून म्हणायचे की लोकांना वाटायचं गुरुजी जुन्या संस्कृतीबद्दल बोलताहेत. माना डोलवायचे.

तिवशाला आमच्या शिपायाच्या पुतणीचं लग्न होतं. तिथे सरांना पंजा सापडला. पाच-सहा वर्षांचं पोर, पिवळी पँट, उजव्या गुडघ्यावर वरणाची पाच बोटं. सर सरळ त्याच्या बापाकडे गेले आणि पोराच्या पोटऱ्यांकडे बोट दाखवत म्हणाले, "तुमच्या पोराच्या पिंढऱ्या जाड हायेत. दाखवून घ्या." झालं! कौतुक करावं तरी नजर आणि काळजी करावी तरी नजर. पोराची आजी धावत आली. "दिठ लावली व माह्या लेकराले!" मीठ-मिरच्या तिथल्या तिथे उतरवल्या. बापानं सरांची कॉलर धरली, "पोट्ट्याचे पाय कावून पाहून राह्यले बे तुमी?" मी मध्ये पडले, शाळेचं नाव सांगितलं, शिपायानं हातापाया पडून सोडवलं. सरांच्या शर्टाची दोन बटणं तुटली. परत येताना ते एवढंच म्हणाले, "उठाबशा लावू नोका, हे सांगाचं राहूनच गेलं."

सहा-सात महिन्यांनी तोच बाप सरांच्या घरी आला, मी तेव्हा तिथेच होते. हातात नागपूरच्या दवाखान्याची फाईल. चप्पल काढून दाराशीच बसून राहिला. सरांनी त्याला आत घेतलं आणि पोराचे पाय कसे ताणायचे, कशानं दमवायचं नाही, औषध कोणत्या वेळी द्यायचं, हे सगळं सुमेधला पलंगावर निजवून करून दाखवलं. सुमेध तेव्हा बारा वर्षांचा होता आणि चाकाच्या खुर्चीत बसायला लागला होता. तो त्या माणसाला म्हणाला, "काका, माहे बाबा चांगलं शिकवतात. फक्त उशिरा शिकवतात." तो माणूस हसला नाही. सर हसले, पण ते हसणं बघवलं नाही.

सुमेधची जीभ अशीच होती. हातपाय गेले तसतशी ती जास्त चालायला लागली. नववीत तो घरूनच अभ्यास करायचा, सर शिकवायचे. स्नायूंचा धडा आला. सरांनी पानं उलटायला घेतली, तर तो म्हणाला, "नाई बाबा, शिकवा." सरांनी शिकवला, डब्यांशिवाय. शेवटी सुमेधनं विचारलं, "पट्टेवाले झिजून राह्यले माहे. बिनपट्ट्याचे बरे हायेत, पोट साफ होते. मंग तिसऱ्याले बी पट्टे हायेत ना, बाबा?" सर उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. हे मला वहिनींनी सांगितलं. आत येऊन ते चुलीकडे तोंड करून उभे होते म्हणे, पेला हातात तसाच.

मग सगळं त्या तिसऱ्यावर आलं. दर सहा महिन्यांनी हृदयाची तपासणी, दर वेळी थोडं कमी. सर निवृत्त झाले, मी झाले. मी महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे जायचे, सुमेधला काहीबाही वाचून दाखवायला. गेल्या दिवाळीनंतर, एकोणीस वर्षांचा असताना, त्यानं मला वाचता वाचता थांबवलं.

"मॅडम, थ्या टेबलाचं आठोते का तुमाले?"

मी पुस्तक मिटलं. न आठवायला काय झालं? माझ्या तोंडचं ते 'आजोबा' मला तेरा वर्षं आठवत होतं.

"बाबाले वाटते थो दिवस लय वाईट होता. कोनी टेबल सरकवलं तरी तोंड उतरते त्यायचं. पन मले थो दिवस आवडला होता. मी उठलो, अन् साठ-सत्तर जनायनं टाळ्या वाजवल्या. उठल्याबद्दल! मंग कधी कोनी नाई वाजवल्या." थोडा दम घेऊन तो म्हणाला, "हे तुमी सांगा त्यायले. मी सांगतलं तं त्यायले वाटन, समजूत घालून राह्यला."

मी हो म्हटलं. आणि सांगितलं नाही. पुढच्या वेळी सांगू, असं म्हणत राहिले. खरं कारण असं की ते सांगायचं तर आधी मी हसले होते हेही सांगावं लागलं असतं. सरांनी तेव्हा मागे वळून पाहिलं नव्हतं. दारात कोण हसलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. माझी अब्रू मला त्या पोराच्या निरोपापेक्षा मोठी वाटली. हे लिहितानाही लाज वाटते.

फेब्रुवारीत एका दुपारी सुमेध गेला. जेवण झालं होतं, वहिनी त्याचं तोंड पुसत होत्या. तिसराही थांबला.

सुमेधसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वस्तीतल्या विहाराच्या अंगणात होता. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले, मग सतरंज्या अंथरून पंगत बसली. बाया वहिनींना धरून आत बसल्या होत्या. मी सरांना शोधत होते. ते पाण्याच्या ड्रमजवळ उभे होते, हात मागे बांधून. पांढरा शर्ट, दाढी वाढलेली. समोर पोरांच्या दोन रांगा वरण-भात खात होत्या.

मी जवळ गेले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. टेबल, टाळ्या, त्याला तो दिवस आवडला होता ते, त्यानं मला सांगायला सांगितलं होतं आणि मी उशीर केला, तेही.

सरांनी रांगेवरची नजर काढली नाही. तसंच विचारलं, "टाळ्या पयले कोनी वाजवल्या होत्या?"

"मी," मी म्हटलं. "आधी हसले. मग वाजवल्या."

वाढपी मठ्ठ्याची बादली घेऊन आमच्या मधून गेला. सरांचा खालचा ओठ थरथरत होता. तो थांबवायचा ते प्रयत्न करत होते आणि जमत नव्हतं.

"बरं केलं मॅडम," सर म्हणाले. "मी नोहोत्या वाजवल्या."

मग त्यांनी चष्मा काढला, शर्टानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "मले नीट दिसून नाई राह्यलं. थे पलीकडली रांग तुमी पाह्यता का?"

मी पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिले. पोरं उठायला लागली. उष्टे हात वर धरून, एकमेकांना ढकलत, नळाकडे पळत. मी एकेकाचे गुडघे पाहिले. एकानं जाता जाता हात पँटला पुसला, पण ते वरण फरफटलेलं होतं. पंजा कुठेच नव्हता. शेवटचं पोर उठल्यावर मी लांबूनच मान हलवून सरांना नाही म्हणून सांगितलं, आणि तेव्हा कुठे सर जेवायला बसले.